कानाच्या हद्दीपर्यंत : प्रस्तावना

डोक्यातील उवा कानात शिरतात काय, आणि शिरल्या तर कानास अपाय करतात काय, असा प्रश्न एखाद्या विद्वत्सभेत कोणी उपस्थित केला तर सभासद एकमेकांकडे पाहून हसतील आणि अध्यक्ष पुढचा विषय पुकारतील. परंतु ज्या घरातील मुलगी रात्री दोनदोनदा उठून कानामागे नखे लावते, आणि जिच्या उशीवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, त्या घरात हा प्रश्न हसण्यावारी नेला जात नाही. प्रस्तुत ग्रंथाच्या लेखिका एका तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवितात, आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या बाकावर येऊन बसणाऱ्या आयाबायांपैकी एकीने तरी हा प्रश्न विचारला नाही असा आठवडा क्वचितच जात असल्यामुळे, दर वेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा ते एकदा साद्यंत लिहून काढावे असे त्यांच्या मनाने घेतले. लिहिता लिहिता एका विषयातून दुसरा निघत गेला आणि चार पानांच्या टिपणाचा ग्रंथ झाला. त्यास प्रस्तावना लिहिण्याची कामगिरी त्यांनी माझ्याकडे सोपविली, ती मी वैद्य आहे म्हणून नव्हे, तर प्राणिशास्त्राचा अध्यापक या नात्याने या क्षुद्र जीवाच्या सहवासात (अर्थात सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या बाजूने) मी पुष्कळ काळ घालविला आहे म्हणून.

मूळ प्रश्नाचा निकाल प्रारंभीच देऊन टाकलेला बरा. डोक्यातील ऊ कानाच्या पाळीपर्यंत आणि कानामागच्या खोबणीपर्यंत येते, किंबहुना ती खोबण तिचे आवडते ठिकाण आहे. परंतु कानाच्या आत ती वस्ती करीत नाही, तेथे अंडी घालीत नाही, आणि चुकून एखादी आत उतरलीच तर तेथे तिचा निभाव लागत नाही. याचे कारण तिच्या शरीररचनेत आहे. दोन ते तीन मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे साधारण तिळाएवढ्या, या प्राण्याला पंख नाहीत आणि उडी मारण्याजोगे पायही नाहीत. आहेत ते सहा आखूड पाय, आणि त्या प्रत्येकाच्या टोकाशी एकच वाकडी नखी, जी समोरच्या उंचवट्यावर मिटली असता मध्ये उरणाऱ्या पोकळीत माणसाच्या डोक्यावरील केस नेमका बसतो. केसाला धरून ती झपाट्याने चालते; केस नसलेल्या सपाट त्वचेवर सोडली तर धडपडते. दिवसातून अनेक वार तिला रक्त लागते, आणि डोक्यापासून दुरावली तर एक-दोन दिवसांत ती मरते. मादी दररोज सहा ते दहा अंडी घालते, व प्रत्येक अंडे केसाच्या मुळाजवळ, टाळूची ऊब पोहोचेल अशा अंतरावर, एका चिवट खळीने चिकटविते. सात ते दहा दिवसांत त्यातून पिल्लू निघते आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत ते प्रौढ होते. मान आणि कानामागचा भाग उबदार व केसांनी झाकलेला असल्यामुळे लिखा तेथे सर्वांत दाट आढळतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे टाळूपासून बोटभर अंतरावर दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा ही बहुधा केव्हाच रिकामी झालेली टरफले असतात, हेही उमगते. आणि ज्या टरफलांसाठी पोरीला शाळेतून घरी धाडले जाते ती निरुपद्रवी असतात, हेही.

आता कानाकडे पाहावे. प्रौढ माणसाच्या कानाचा मार्ग सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि त्याच्या फक्त बाहेरच्या तृतीयांश भागात, जेथे खाली कूर्चा असते तेथे, बारीक लव व मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतील दोन तृतीयांश भाग हाडाचा, त्यावरील त्वचा कागदासारखी पातळ, हाडाला घट्ट चिकटलेली आणि केसहीन. म्हणजे उवेच्या दृष्टीने हा मुलूख उजाड आहे: धरण्यास केस नाही, अंडे चिकटविण्यास आधार नाही, आणि वाटेत चिकट मळाचा पहारा बसलेला. कानाच्या मार्गाची त्वचा आतून बाहेर सावकाश सरकत असते व आपल्याबरोबर मळ आणि धूळ बाहेर आणून टाकते, ही निसर्गाची व्यवस्था ज्यांनी कधी ऐकलीच नाही असे लोक कानात काड्या घालतात. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

तथापि कानास उवेपासून काहीच उपद्रव होत नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि लेखिकेच्या प्रतिपादनाचे मला वाटणारे महत्त्व याच ठिकाणी आहे. ऊ चावते तेव्हा तिची लाळ त्वचेत जाते. त्या लाळेविरुद्ध शरीराची जी प्रतिक्रिया होते तिचेच नाव खाज, आणि पहिल्यांदा उवा झाल्या असता ही प्रतिक्रिया प्रकट होण्यास चार ते सहा आठवडेही लागतात, म्हणून खाज सुटण्याच्या कितीतरी आधी वस्ती झालेली असते. खाजविल्याने त्वचा सोलते, सोललेल्या जागी जंतू शिरतात, मग मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात, केस चिकटतात, आणि कानामागील व मानेवरील रसग्रंथी सुजून हरभऱ्याएवढ्या हाताला लागू लागतात. आई घाबरते ती येथे. कारण कानामागे गाठ म्हणजे कानातला रोग असा तिचा समज असतो, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नसतो. कानामागच्या हाडात पू झाला असता तेथे सूज येते, कानाची पाळी पुढे ढकलली जाते, ताप येतो, कान फुटलेला असतो. तो प्रसंग तातडीचा. उवांच्या गाठी मात्र हलतात, पाळी जागची ढळत नाही आणि कान स्वच्छ ऐकतो. या दोहोंतील फरक लेखिकेने ज्या सोप्या भाषेत मांडला आहे तो वाचून शाळेतील शिक्षिकाही जागच्या जागी प्राथमिक अंदाज बांधू शकतील.

या देशात या विषयाचे दफ्तर फार जुने आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना त्यांतील बाह्य, म्हणजे मलज, असे दोन वेगळे काढले आहेत, यूका, म्हणजे ऊ, आणि पिपीलिका. त्यांचे कारण अंगाच्या स्वच्छतेची हेळसांड, त्यांचे स्थान केस, दाढीमिशा, अंगावरची लव, पापण्या आणि वस्त्रे, व त्यांचा परिणाम खाज, गांधी आणि पुटकुळ्या, असा तपशील तेथे येतो, आणि उपाय म्हणून प्रथम सांगितले आहे ते त्यांना ओढून काढणे. स्थानांच्या या यादीत कान नाही. उलट सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले असून त्यांत कृमिकर्ण नावाचा एक स्वतंत्र रोग आहे. परंतु त्याचे कारण कानात जंतू माजणे किंवा माशीने तेथे आपली प्रजा सोडणे हे दिले आहे, उवेचा उल्लेख नाही. दोन निराळ्या ग्रंथांतील या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे जाणवते की, सूक्ष्मदर्शक हाती नसतानाही जुन्या वैद्यांनी कानातील किड्याची फिर्याद उवेवर घातली नाही. ती माशीवर घातली, आणि फुटलेल्या, वाहत्या कानात माशीच्या अळ्या पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती यथार्थच वाटेल.

वैद्यकाबाहेरही उवेचा संचार होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची मापे सांगताना आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुल असे कोष्टक दिले आहे. अंगुल दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी धरले तर कोष्टकातील ऊ खऱ्या उवेपेक्षा कितीतरी बारीक भरते, यावरून कोष्टक करणाऱ्याने फणी हाती घेऊन मोजणी केली नसावी असे अनुमान निघते. मनुस्मृतीने तिची गणना स्वेदजांत, म्हणजे घामापासून उपजणाऱ्या जीवांत, केली. आणि बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटण येथे राज्य करणाऱ्या कुमारपालाने जैन धर्माच्या प्रभावाने अमारीचा, म्हणजे जीवहत्याबंदीचा, हुकूम काढला तेव्हा एका धनाढ्य व्यापाऱ्याने केस विंचरताना सापडलेली ऊ चिरडली म्हणून त्याची मालमत्ता जप्त झाली व तिच्यातून यूकाविहार नावाचे मंदिर उभे राहिले, अशी कथा मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत आहे. उवेच्या नावाने मंदिर अन्यत्र कोठे असल्यास ते माझ्या वाचनात नाही.

पश्चिमेकडील दफ्तरही कमी रंजक नाही. प्राचीन कनानी लोकांच्या लाखीश नगरीच्या उत्खननात 2016 साली एक हस्तिदंती फणी सापडली, सारी मिळून काडेपेटीहून लहान. तिच्यावर कोरलेली सतरा अक्षरे 2022 साली वाचून प्रसिद्ध झाली तेव्हा ती केसांतील व दाढीतील उवा निघून जाव्यात अशी प्रार्थना निघाली. सुमारे 3700 वर्षांपूर्वीचा हा लेख वर्णमालेत लिहिलेल्या अत्यंत जुन्या पूर्ण वाक्यांपैकी एक मानला जातो, आणि त्याच फणीच्या दातांत पिल्लू उवेचे अवशेषही मिळाले. मानवाने अक्षरे हाती येताच प्रथम जे लिहून ठेवले त्यात उवांचे गाऱ्हाणे आहे, हे वाचून मला मनुष्यजातीविषयी एकदम आपुलकी वाटली. पुढे अरिस्टॉटलपासून युरोपातही उवा आपोआप निर्माण होतात ही समजूत चालत आली. ती 17 व्या शतकात डळमळली. इटलीत फ्रान्सिस्को रेदी याने 1668 साली झाकलेल्या व उघड्या मांसाचे प्रयोग करून माशीच्या अळ्या माशीच्याच अंड्यांतून होतात हे दाखविले आणि त्याच ग्रंथात निरनिराळ्या उवांच्या आकृत्या दिल्या. लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने 1665 च्या आपल्या सूक्ष्मदर्शनविषयक ग्रंथात केसाला धरून बसलेल्या उवेचे चित्र घडी घातलेल्या मोठ्या पटावर छापले. हॉलंडात स्वामरडाम याने उवेचे विच्छेदन केले, आणि लेवेनहुक याने तर उवा आपल्या पायमोज्यात बांधून घेऊन, काही दिवसांनी त्यांची अंडी मोजून, तिची संतती किती झपाट्याने वाढत असेल याचा हिशेब मांडला. स्वेदजवाद या मंडळींनी केवळ तर्काने खोडला नाही. त्यासाठी त्यांनी स्वतःचे रक्त दिले.

या सर्व निसर्गाभ्यासकांना ऊ हा कुतूहलाचा विषय होता. विसाव्या शतकाने तिला भयाचा विषय केले. ट्युनिस येथील रुग्णालयात शार्ल निकोल याच्या लक्षात आले की, प्रलापक ज्वराचे, म्हणजे टायफसचे, रोगी दाराशी असताना त्यांच्या कपड्यांना हात लावणाऱ्यांना रोग होतो, परंतु एकदा त्यांना न्हाऊ घालून, कपडे काढून घेऊन खाटेवर निजविले की वॉर्डात तो कोणालाच होत नाही; मग 1909 साली माकडांवर प्रयोग करून त्याने हा रोग अंगावरच्या उवेमार्फत पसरतो हे सिद्ध केले व 1928 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या रोगाच्या शोधात रिकेट्स 1910 साली आणि प्रोवाझेक 1915 साली स्वतः त्यालाच बळी पडले, आणि रोगजंतूस त्या दोघांची नावे देण्यात आली. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. टायफस पसरविते ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ. डोक्यातील ऊ तिची निकटची आप्त असली तरी या रोगाच्या साथी तिच्यामुळे झालेल्या नाहीत. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून अंगावरची ऊ डोक्यातील उवेपासून वेगळी केव्हा झाली याचा अंदाज 2003 साली लाइपझिग येथील संशोधकांनी केला, आणि त्यावरून मनुष्य केव्हापासून वस्त्रे वापरू लागला याचे अनुमान काढले. आकड्याविषयी पुढे मतभेद झाले, परंतु वस्त्राचा इतिहास उवेच्या जबानीवरून लिहिण्याची ती कल्पना टिकून राहिली. सामान्य जनतेपर्यंत मात्र यांतील कोणताच भेद पोहोचला नाही. पोहोचली ती फक्त घृणा. आणि अंगावरच्या उवेची बदनामी निष्कारण डोक्यातल्या उवेच्या, व तिच्यामार्फत शाळेतल्या मुलींच्या, माथी आली.

या घृणेनेच उपायांची दिशा ठरविली. बाझल येथे पाउल म्युलर याने 1939 साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. 1943-44 च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात टायफसची साथ आली तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत ती पूड फुंकण्यात आली आणि साथ आटोपली. म्युलरला 1948 साली नोबेल मिळाले, आणि उवेचा अंमल संपुष्टात आला असे त्या पिढीने धरून चालले. तसे झाले नाही. डीडीटीला, मग लिंडेनला, मग पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा एकामागून एक देशांत निर्माण झाल्या, कारण प्रत्येक औषधातून वाचलेल्या उवेचीच संतती पुढे चालू राहिली. आज या क्षेत्रात दोन पंथ समोरासमोर उभे आहेत: एक औषधाचा, दुसरा फणीचा. ब्रिटनमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मॅलाथिऑन लावलेल्या मुलांपैकी 78 टक्के बरी झाली आणि ओले केस वारंवार विंचरणाऱ्यांपैकी 38 टक्के. त्यावर औषधपंथीयांनी विजयाचा झेंडा लावला. पाच वर्षांनी तेथेच दुसऱ्या चाचणीत विंचरणाऱ्यांपैकी 57 टक्के आणि औषध एकदाच लावणाऱ्यांपैकी 13 टक्के बरी झाली, तेव्हा झेंडा दुसऱ्या बाजूला गेला. यातील मर्म असे की, औषध कोणते, त्याला स्थानिक उवा सरावल्या आहेत काय, ते एकदा लावले की आठवड्याने पुन्हा, आणि फणी चालविणारा हात किती चिकाटीचा, यांवर सारा निकाल अवलंबून असतो. लेखिका फणीकडे झुकतात, मीही. केस ओले करून, तेल किंवा कंडिशनर चोपडून, बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढावी, दर ओढीनंतर पांढऱ्या फडक्यावर पुसावी, कानामागे आणि मानेवर विशेष रेंगाळावे, आणि हे दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी करावे, हा त्यांचा विधी एवढा साधा आहे की त्याचे पेटंट कोणी घेऊ शकत नाही. त्याची जाहिरात कोणी करीत नाही, याचेही हेच कारण असावे.

आता कानाचे जे खरे नुकसान होते ते कोठून होते, हे पाहावे, आणि येथे ग्रंथाची सर्वांत वाचनीय पाने येतात. लेखिकेने आपल्या दवाखान्यातील एक प्रसंग जसाच्या तसा उतरून ठेवला आहे. नातीला घेऊन आलेली आजी सांगते, "बाई, पोरीच्या कानात ऊ शिरलीया, राच्च्याला निजू देत न्हाई." डॉक्टरबाई कानाकडे पाहतात तर मार्गाची त्वचा लालभडक सोललेली, आणि नाकाला वास येतो तो ओळखीचा. "आजी, कानात काय घातलंत?" "काय न्हाई वो, वाईच घासलेट." कानामागे लिखांची दाट रांग, खपल्या, दोन गाठी, कानाच्या आत मात्र ऊ नाही, लीख नाही, फक्त घासलेटाने भाजलेली कातडी, आणि काल रात्री आकड्याने केलेला ओरखडा. उवेने कानाच्या हद्दीबाहेर जे केले ते आठ दिवसांत बरे झाले. आजीने हद्दीच्या आत जे केले त्याला महिना लागला. घासलेट, सीताफळाच्या बियांची पूड, कडुनिंबाचे तेल, कापूर घातलेले खोबरेल, अशी जी वहिवाटीची औषधे आपल्या घरोघर चालत आली आहेत त्यांचा लेखिकेने सरसकट उपहास केलेला नाही, हे मला आवडले. खोबरेलाने उवा सुस्त होतात व फणी सुलभ चालते हे त्या मान्य करतात. परंतु सीताफळाच्या बिया डोळ्यात गेल्या तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि घासलेट कातडी जाळते व विस्तवाजवळ प्राणावर बेतते, हे त्यांनी नि:संदिग्धपणे लिहिले आहे.

कानात काही वळवळते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या कानात प्रत्यक्ष काय निघते, याचेही वर्णन ग्रंथात आहे. जमिनीवर अंथरूण घालून निजणाऱ्यांच्या कानात झुरळ किंवा मुंगी. गुराढोरांत वावरणाऱ्यांच्या कानात कधी गोचीड. आणि फार मोठ्या प्रमाणात, विशेषतः पावसाळ्यात व कोकणपट्टीच्या दमट हवेत, बुरशी, जिची खाज उवेच्या खाजेहून कडक असते. कानात गोम शिरून मेंदूपर्यंत जाते, ही आपल्याकडील जुनी भीती. कानाच्या मार्गाच्या शेवटी पडदा असतो आणि त्यापलीकडे कोणतीही गोम जात नाही, एवढे सांगून लेखिका मोकळ्या होतात. जिवंत किडा कानात गेल्यास, कान पूर्वी फुटलेला वा वाहता नसेल तर कोमट तेलाचे दोन थेंब घालून तो आधी मारावा, मग डॉक्टरकडून काढवून घ्यावा. काडी, आकडा, कानकोरणे यांपैकी काहीही आत घालू नये. रस्त्यावर कान कोरून देणाऱ्यांविषयी त्यांनी लिहिलेला परिच्छेद एवढा तिखट आहे की तो मी येथे मुद्दाम सांगत नाही.

ग्रंथाचे एक प्रकरण जटेवर आहे, आणि प्रथमदर्शनी ते अवांतर वाटेल. मला ते वाटले नाही. केस विंचरणे थांबले, उवा आणि खपल्या वाढल्या, केस एकमेकांत गुंतून त्यांचा घट्ट गोळा झाला, की महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरील प्रदेशात त्याला देवीचा संकेत मानून तो वाढू देण्याची, क्वचित त्यापायी बाईचे सारे आयुष्य देवीला वाहून टाकण्याची चाल होती व काही ठिकाणी अजून आहे. मान दुखते, कानामागे जखमा होतात, जटेखाली उवांची वस्ती निर्वेधपणे चालते, आणि फणीला बंदी. पोलंडमध्येही अशाच जटेला रोगाचे, पिशाचाचे, पुण्याचे रूप दिले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्ह येथील वैद्य युझेफ दीट्ल याने हा रोग नसून हेळसांडीचा परिणाम आहे असे सप्रमाण मांडून जटा कापण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या कात्री घेऊन खेड्यापाड्यांत हिंडल्या आणि समजूत घालून त्यांनी शेकडो बायकांची मान मोकळी केली. उवेचा प्रश्न हा फणीचा प्रश्न असला तरी फणी कोणाच्या हाती आहे, कोणाच्या केसांना ती लावण्याची परवानगी आहे, हा समाजाचा प्रश्न आहे, हे या प्रकरणातून जसे कळते तसे इतर कोठूनही कळत नाही.

आज या ग्रंथाची गरज का, असे विचारणाऱ्यास मी दोन कारणे देईन. औषधाच्या दुकानात मेडिकरसारख्या उवानाशक औषधाची बाटली सहज मिळू लागल्यापासून उवा हा प्रश्नच उरला नाही असा सुशिक्षित घरांचा समज झाला आहे. परंतु उवा स्वच्छ केसांतही तितक्याच सुखाने राहतात, डोक्याला डोके लागले की पसरतात, आणि सुखवस्तू घरातील मुलीला त्या झाल्या तर तिची आई त्या घासलेटवाल्या आजीपेक्षाही अधिक गुप्तपणे, म्हणून अधिक उतावीळपणे, काही तरी करून बसते. दुसरे कारण वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांतील आहे, जेथे एका खोलीत अनेक मुली एकमेकींना चिकटून निजतात, आणि उवा सापडल्या की सर्वांचे केस कापून टाकणे हाच बंदोबस्त समजला जातो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात शहरांतून खेड्यांत हलविलेल्या मुलांच्या उवा पाहून तेथील समाज हादरला होता, आणि केनेथ मेलान्बी याने 1941 साली केलेल्या पाहणीत प्रत्यक्ष प्रमाण शालेय तपासणीच्या सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. शरमेने दडविलेली गोष्ट दप्तरात येत नाही. ती तेव्हा तेथे आली नाही, आज येथे येत असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

ग्रंथाचे स्वरूप सांगायचे तर ते वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नाही आणि घरगुती औषधांचा बटवाही नाही. लेखिकेने प्राणिशास्त्र, वैद्यक, इतिहास आणि लोकव्यवहार यांतून वाट काढीत एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे; परिणामी काही ठिकाणी विस्तार जरुरीहून जास्त झाला आहे, उदाहरणार्थ मळाच्या रसायनशास्त्रावर, आणि लाइपझिगच्या संशोधनावर मात्र दोन पानांत आटोपते घेतले आहे, ज्याचा मला विषाद वाटतो. आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या आहेत. कानामागच्या भागाची, जेथे लिखा व गाठी कोठे पाहाव्यात हे दाखविले आहे, ती आकृती शाळेच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेची आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझे व त्यांचे जमले नाही, आणि प्रस्तावनाकाराने स्तुतिपाठकाची भूमिका घेऊ नये असे मला वाटत असल्यामुळे ते येथे नमूद करतो. शाळेत वर्गात मुलींना रांगेने उभे करून डोकी तपासण्याची पद्धत पूर्णपणे बंद करावी, असा त्यांचा आग्रह आहे, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही उवा सापडल्या म्हणून निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये असे म्हटले आहे, हा दाखला त्या देतात. मुलीला घरी पाठवू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु तपासणीच बंद केली तर ज्या घरात फणी नाही, आई पहाटे शेतावर जाते आणि आजीच्या हाती घासलेटाची बाटली आहे, त्या घरातील मुलीचा कान कोण पाहणार? पडद्याआड, एकेकीला बोलावून, परिचारिकेने पाहावे, आणि कोणाच्या डोक्यात काय सापडले हे वर्गात कळू नये, एवढी काळजी घेतली तर तपासणीतील अपमान जाईल व उपयोग राहील, असे माझे मत मी त्यांना कळविले. त्यांनी हस्तलिखित परत मागवून घेतले, आणि चौथ्या प्रकरणात साडेतीन पानांचे उत्तर घालून ते माझ्याकडे पुन्हा धाडले. उत्तर माझे समाधान करणारे नाही. ते छापले आहे, वाचकांनी पाहावे.